बिनवाद्याची पार्टी

त्या दिवशी आभाळ नुसतं भरून आलं होतं. पौष महिना, ज्वारी हुरड्यात आलेली आणि ऊन कुठं नावाला नाही. पहाटेपासून असा गार वारा सुटला होता की गुरंसुद्धा वाऱ्याकडं पाठ करून उभी होती. पाऊस पडेना आणि आभाळ हटेना. पडला असता तर कणसं काळी झाली असती, म्हणून गावातला प्रत्येक माणूस घडीघडी वर बघत होता. आणि आम्ही मारुतीच्या देवळात टाळ कुटत बसलो होतो.

आता एवढ्या वर्षांनी हे कशाला आठवायचं? पण आठवतं. कापूस वेचताना ओटीत बोंडं पडत जातात, वाकलेलं असताना वजन कळत नाही. पाठ सरळ करून उभं राहिलं की मग कळतं, अरे, ओटी तर गच्च भरली! किस्स्यांचं तसंच आहे. मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं शिकलो ती प्रौढांच्या वर्गात, मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यावर. त्यामुळं हात हळू चालतो. वाचणाऱ्यानंही सावकाश वाचावं.

आमचं गाव चारठाण्यापासून कोस-दीड कोसावर. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. चावडीवरचा झेंडा बदलला होता. चावडीच्या ओट्यावर बसणारी माणसं मात्र तीच होती!

तर त्या दिवशी देवळात भजन चाललेलं. पुढं मंडळाचे बुवा. त्यांच्या शेजारी माधवअण्णा, गावातला एकुलता एक शिंपी. शब्द त्याच्या जिभेवर नाचायचे. मागं मी, झील धरायला. गाणारा एक ओळ म्हणतो आणि मागचा तिचा शेवट उंच आवाजात धरून ठेवतो, ती झील. माझा आवाज लहानपणापासून बारीक. गाव हसायचं त्याला, पण झिलीला तोच लागतो.

आणि देवळाच्या पायऱ्यांच्या खाली, वाऱ्यात, किसन उभा होता. किसन मातंग समाजाचा. तेव्हा लोक दुसरा शब्द वापरायचे, तो मी इथं लिहीत नाही. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हलगी. पण त्याचा गळा! इतका खालचा आवाज की आधी पायाखालच्या जमिनीला कळायचा, मग आपल्या कानाला.

भजनाच्या मध्यावर त्यानं खालून हळूच खर्ज लावला. आणि काय सांगू, रिकामं घर माणसांनी भरावं तसं भजन भरलं! बुवांनी हात वर केला.

"कोण हाय ते?"

सगळ्यांना माहीत होतं कोण आहे ते.

"मी हाय बुवा. किसन."

"तू कामून म्हणायलास?"

"खालची जागा मोकळी वाटली, म्हणून म्हणलो."

माधवअण्णा म्हणाला, "बुवा, असा खर्ज आपल्यात कुणाचाच न्हाई. त्याला वर घ्या, आपल्यात बसवा."

बुवा भडकले. "ज्याला तो लागतो, त्यानं टाळ खाली ठेवावेत आन बाहेर जावं!"

अण्णानं टाळ खाली ठेवले. खण्ण! आणि त्याच घडीला दुसरं खण्ण वाजलं. ते माझे टाळ होते. आता खरं सांगतो, मी काही शूर माणूस नव्हतो. थंडीनं माझी बोटं आखडली होती, ती चोळायला म्हणून टाळ खाली ठेवले होते. पण सगळं देऊळ माझ्याकडं बघायला लागलं.

"सोपाना, तू बी?"

मी तोंड उघडलं होतं, की न्हाई बुवा, बोटं गारठलीत. तेवढ्यात पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या किसनवर माझी नजर गेली. तो माझ्याकडंच बघत होता. मग टाळ परत उचलायला माझा हात काही गेला नाही.

"व्हय बुवा. मी बी!"

फार वर्षांनी किसनला मी खरी गोष्ट कबूल केली. तो हसला.

"मला खालून दिसत होतं सगळं. बोटं चोळायलास तू. पर परत उचलले न्हाईस ना? तेवढं बास झालं!"

• • •

बाहेर तर पडलो. पण पेटी देवळाची, मृदंग देवळाचा, टाळसुद्धा देवळाचे. पाटलानं निरोप पाठवला, "माघारी या. कुणी काही बोलणार न्हाई. फक्त किसनला सोडा."

अण्णानं उलट निरोप पाठवला, "चौघं येऊ. चावडीच्या ओट्यावर, एका घोंगडीवर बसून गाऊ. तवाच येऊ."

पाटलाचा माणूस बोटं मोजायला लागला. अण्णा, किसन, सोपान. चौथा कोण?

तो आम्हालाही माहीत नव्हता! अण्णाच्या तोंडातून चौघं निघून गेलं होतं, आणि अण्णा बोललेला शब्द परत घेणाऱ्यातला नव्हता.

चौथा मिळाला तो अण्णाच्याच अंगणात. लतीफभाई पिंजारी लेपासाठी, म्हणजे पांघरायच्या रजईसाठी, कापूस पिंजायला बसला होता. धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मुठीनं ठोका मारायचा, "धुन् तक्, धुन् तक्," आणि तोच बोल तोंडानं पुटपुटायचा. हाताचा ठोका एखादवेळी चुकायचा, तोंडाचा कधी नाही. तेव्हा लतीफभाई गावात फार हळू बोलायचा. पोलीस ॲक्शननंतर त्याच्यासारखे सगळेच हळू बोलायचे.

अण्णा म्हणाला, "भाई, आमच्यात या."

"गाना मेरेकु नक्को बोलो अण्णा. मैं आवाज नीचे रखके जीनेवाला आदमी."

"गाणं न्हाई, नुसता ताल द्या. तोंडानं."

तो तयार झाला. पहिल्याच बैठकीला तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी त्याच्या नाकात कापसाचं तूस गेलं आणि जोरात शिंक आली. ती नेमकी समेवर! आम्हाला वाटलं, हा लतीफभाईचा नवीन बोल. अण्णा म्हणाला, "वा! हा ठेवायचा!" लतीफभाईला खरं सांगायची लाज वाटली.

झालं! पुढं दहा वर्षं प्रत्येक प्रोग्राममध्ये तिसऱ्या आवर्तनाला त्या बिचाऱ्याला खोटं शिंकावं लागलं. सेलूला तर लोक फर्माईश करायचे, "ते शिंकेचं म्हणा!"

• • •

गाव आम्हाला बिनवाद्याची पार्टी म्हणायला लागलं. हिणवायला म्हणायचं. अण्णानं तेच नाव घेतलं.

बायको मात्र वैतागली होती. मी शेतात, गोठ्यात, जेवताना, कुठंही झील धरायचो, "जी जी रं जी जी." एक दिवस ती पाण्याची घागर घेऊन दारात उभी. मला म्हणाली, "आवं, जरा घागर उतरू लागा."

मी सुरात होतो. म्हणालो, "आत्ता न्हाई."

तिनं घागर स्वतःच उतरवली. म्हणाली, "गाण्यात दिवसभर जी जी, आन घरात न्हाई न्हाई! त्या किसनभावजींना तुमच्या मागं बसवा. त्यांच्या खालच्या आवाजानं तरी तुमी जागचे हलताल!"

तिनं किसनला भावजी म्हटलं, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.  घागर भरलेली होती, तेवढी उचलून आत ठेवली.

• • •

गावात बसून गायला जागा कोणी देईना. अण्णाच्या अंगणात बसलो की शेजारचे मुद्दाम कुत्र्याला छेडायचे आणि ते भुंकत बसायचं. मग आम्ही चारठाण्याकडं जायला लागलो. त्या भागात जुनी दगडी देवळं आहेत. त्यातल्या एका पडक्या देवळात मूर्ती नव्हती. त्यामुळं पुजारी नाही, आणि अडवणारंही कोणी नाही. खांबांच्या मंडपात आम्ही चौघं बसायचो.

तिथं किसननं पहिला खर्ज लावला आणि आम्ही दचकलो. मंडपातून तोच आवाज परत आला, आणखी जाड होऊन! लतीफभाई म्हणाला, "ये पाचवा कौन है?" मग आमची सवयच झाली. किसननं सूर लावायचा, पाचव्याची वाट बघायची, तो आला की मी वरून झील धरायची.

एक दिवस भर दुपारी सरपण गोळा करणाऱ्या बाईनं तो आवाज ऐकला. ती धावत गेली आणि माणसांचा घोळका घेऊन आली. काठ्या, लिंबं, हळदकुंकू! मंडपाच्या तोंडाशी उभं राहून त्यांच्यातला एक म्हातारा ओरडला,

"कोण हाय आत? माणूस का भूत?"

किसन उठून पुढं गेला. दोन्ही हात जोडले.

"माणूस हाव बाबा. भूत असतो तर कुठल्याबी देवळात बसलो असतो!"

म्हाताऱ्यानं काठी खाली केली. मग बरोबरच्यांना म्हणाला, "चला रे. लिंबं तेवढी ठेवा यांना. गळ्याला बरी असतात."

• • •

आमचा एक कडक नियम होता. वाद्य नाही, म्हणजे मागं सूर भरून ठेवायला काही नाही. म्हणून दोघांनी एका वेळी श्वास घ्यायचा नाही. एकानं घेतला की बाकीच्या तिघांनी धरून ठेवायचं. गोल बसायचं, आणि ज्याला श्वास हवा त्यानं शेजाऱ्याच्या मांडीला गुडघा लावायचा. त्यानं "थांब" म्हणून उलटा गुडघा मारला तर थांबायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, हे चौघं मांडी घालून एकमेकांना लाथा कामून मारायलेत!

सेलूला एका जिनिंगमध्ये सरकी काढायच्या यंत्रांची पूजा होती. मालकानं आम्हाला बोलावलं. यंत्रं बंद होती, पण हवेत कापसाचं तूस तरंगत होतं. पाचशे माणसं असतील, सगळी खाली पोत्यांवर बसलेली. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध मला श्वास हवा झाला. मी किसनला गुडघा लावला. त्याच वेळी किसननं अण्णाला लावला, अण्णानं लतीफभाईला आणि लतीफभाईनं मला. चौघांनी एकदम श्वास घेतला!

सगळीकडं चिडीचूप. असं पुढं कधीच झालं नाही.

पण लोकांना वाटलं, गाणं संपलं. अशा टाळ्या पडल्या म्हणता! मालक उठला आणि त्यानं अण्णाच्या गळ्यात हार घातला. किसन हळूच म्हणाला, "अण्णा, अजून अडीच कडवी ऱ्हायलीत."

अण्णा हसऱ्या तोंडानं कुजबुजला, "गप. पुऱ्या गाण्याला आजवर एवढ्या टाळ्या पडल्या का कधी?"

• • •

सेलूहून परत येताना देवगाव फाट्यावर मोटारीची वाट बघत बसावं लागायचं. तिथं चहाचं एक छप्पर होतं. बाकड्यावर बसणाऱ्यांसाठी कपबशा, आणि बाहेर खांबाला खिळ्यावर टांगलेला एक कान तुटलेला कप. तो कोणासाठी, ते वेगळं सांगायला लागत नव्हतं. किसननं तो घ्यायचा, स्वतः धुवायचा, परत टांगायचा.

पहिल्या खेपेला आम्ही तिघांनी मान खाली घालून आपापल्या कपातला चहा प्यायला.  दुसऱ्या खेपेला लतीफभाईनं खिळ्यावरचा कप काढला आणि मालकापुढं ठेवला.

"चार चाय. इसमेंच."

"एका कपात चार?"

"एक के बाद एक."

आधी लतीफभाई प्यायला, सावकाश. मग अण्णा. मग मी. प्रत्येक वेळी कप धुवायचा, परत भरायचा, फुंकर मारायची. किसनची पाळी शेवटची होती आणि त्यानं तर जमिनीवर ऊन कुठवर सरकलं ते बघत बघत प्यायला. मोटार येऊन उभी राहिली. तिच्यातून उतरलेली माणसं चहासाठी ताटकळली, कारण किसनला मधे घेऊन आम्ही चौघांनी सगळं बाकडं अडवलं होतं. मालक तापला.

"अहो, तुमी चौघं एकाच कपाला कामून चिकटलाव?"

अण्णा म्हणाला, "आमी एकाच गळ्याचे हाव. तुमी कप एकच ठेवलाय, आमी काय करावं?"

तिसऱ्या खेपेला आम्ही बसायच्या आतच त्यानं चार कपबशा पुढं आणून आदळल्या. "घ्या! आन लवकर प्या!" चांगलं मन झालं म्हणून नाही, गिऱ्हाईक खोळंबतं म्हणून. आम्हाला तेवढंही पुरलं. खिळ्याकडं बघितलं तर कप तिथं नव्हता. पण दुसऱ्या कोणासाठी त्यानं तो आत लपवून ठेवला असेल का, हा विचार मला बरेच दिवस सोडेना.

• • •

एकदा जिंतूरकडच्या एका बड्या घरी लग्नात बोलावलं. मांडवात गेलो तर यजमान किसनला बघून म्हणाले,

"अरे, हलगी आणली न्हाईस?"

किसन म्हणाला, "हलगी घरी ठेवली मालक. आज तोंड आणलंय."

"मंग पंगतीच्या वेळी जरा हलगी..."

"मालक, माझ्या बापानं तुमच्या बापाच्या लग्नात हलगी वाजवली. आमचा हात तुमाला तवापासून माहीत हाय. आवाज माहीत न्हाई. तो ऐका, मंग काय ते सांगा."

 आम्ही गायलो. गाणं झाल्यावर ते किसनजवळ आले आणि पानाचा विडा त्याच्यापुढं धरला. हातात दिला. वरून टाकला नाही! किसन तो विडा खायला तयारच नाही. सुकेपर्यंत पटक्यात खोचून हिंडत होता. मी म्हणालो, "अरे, खा की!" तर म्हणाला, "तू खा. तुला काय, रोज हातात मिळतो."

• • •

आता शेवटचा किस्सा सांगतो.

पाटलानं तोवर गावाला ताकीद दिली होती. या चौघांशी सावड बंद, बोलणं बंद. सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात आलटून-पालटून राबायचं, बैल जोडीला द्यायचा. माझ्याकडं एक बैल, पवळ्या. शेजारी नारबाकडं एक, सर्ज्या. दोघं मिळून एक जोडी व्हायची आणि दोघांची शेतं निघायची. ताकीद झाली आणि दोन्ही बैल दोन गोठ्यांत नुसते रवंथ करत उभे राहिले.

नारबा माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, शब्दाला पक्का आणि पाटलाला भिऊन असलेला. तो माझ्याशी बोलेना. पण शेजारधर्म सुटेना! मग त्यानं युक्ती काढली. कुंपणाजवळ यायचा आणि मोठ्यानं स्वतःच्या बैलाशी बोलायचा.

"सर्ज्या, त्या सोपानच्या कडब्याच्या गंजीत पाणी शिरायलंय म्हण."

मग मीही पवळ्याला म्हणायचो, "पवळ्या, नारबाला सांग, बघून घेतो."

"सर्ज्या, उद्या मी बाजारला जायलोय. कुणाला मीठ लागत असंल तर पिशवी कुंपणावर टाका म्हण."

असं वर्षभर चाललं. दोन्ही बैल लय शहाणे झाले असतील!

अशात जानेवारीतलं झेंडावंदन आलं. तालुक्याहून एक मोठे साहेब जीपनं यायचे होते. त्यांनी सेलूला आमचं गाणं ऐकलेलं. त्यांनी पाटलाला कळवलं, तुमच्या गावच्या त्या चौघांचा प्रोग्राम ठेवा. पाटलाचा नाइलाज झाला. त्यानं अण्णाला बोलावलं.

"चावडीपुढं गा. तिघं ओट्यावर बसा. किसन खाली, लिंबाच्या झाडाजवळ उभा ऱ्हाईल आन तिथून म्हणंल. त्याचा आवाज तर दोन शेतं ओलांडून जातो."

आम्ही किसनकडं गेलो. मी म्हणालो, "आपण सगळेच खाली बसू."

किसननं मान हलवली. "मला खाली बसायची सवय हाय सोपाना. तुमी खाली आलाव म्हणून मी वर जायलो का? तुमी तिघं वर जा. घोंगडीवर माझी जागा सोडा. गाण्यात बी सोडा."

"गाण्यात म्हणजे?"

"माझी ओळ आली की गप ऱ्हावा. ती दुसऱ्या कुणी म्हणायची न्हाई."

झेंडा फडकला. साहेब खुर्चीवर, पाटील शेजारी, गाव खाली बसलेलं, नारबाही त्यात. आम्ही तिघं ओट्यावर चढलो. चौघांची घोंगडी अंथरली आणि एक जागा मोकळी ठेवली. किसन लिंबाजवळ, हाताची घडी घालून.

अण्णानं स्वतः रचलेलं कापसाचं गाणं सुरू केलं.

"कुणी पेरली सरकी, कुणी वेचली बोंडं?"

मी झील धरली. लतीफभाईनं ताल दिला. आणि पुढची ओळ किसनची, "माझं नाव घ्या, माझं नाव घ्या." तिथं आम्ही तिघांनी तोंडं मिटली. ताल नाही, झील नाही. पुरी ओळ जाईल एवढा वेळ गप. मग अण्णानं पुढचं कडवं उचललं.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, विसरले. दुसऱ्यांदा पोरं हसली. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. अण्णाच्या अंगणातून ऐकून ओळ सगळ्यांना पाठ होती आणि तिची जागा रिकामी येत होती. माणसं लिंबाकडं बघायला लागली.

साहेबांनी विचारलं, "मधेच का थांबता?"

अण्णा म्हणाला, "साहेब, तिथं एक माणूस हाय."

"कुठं?"

"खाली उभा हाय."

साहेबांनी पाटलाकडं पाहिलं. पाटलानं तोंडावर हसू आणून हाक मारली, "किसन, अरे म्हण की तिथून!"

किसन जागचा हलला नाही. चावडीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली अशा आवाजात तो म्हणाला,

"इथून ऐकू येत न्हाई पाटील!"

सगळं गाव फुटलं! बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. पाटलाला "वर ये" म्हणवेना आणि "गप" म्हणवेना. साहेबांनी घड्याळात पाहिलं, उठले, जीप गेली. किसनला कोणी वर बोलावलं नाही. आम्ही उरलेली दोन कडवी तशीच, जागा सोडत म्हणून संपवली, घोंगडी गुंडाळली आणि चौघं मिळून निघालो.  किसनच्या घराशी आल्यावर तो म्हणाला, "आज माझा गळा लय दुखायलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पवळ्याला पेंडी टाकत होतो. ऊन नुकतं कुंपणावर आलं होतं. पलीकडं नारबा येऊन उभा राहिला. मी वाट बघत होतो, आता सर्ज्याला काय सांगतो. सर्ज्या तिथंच होता, कान हलवत. पण नारबानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. मुंडासं सारखं केलं, एकदा पाटलाच्या वाड्याकडं नजर टाकली, मग सरळ माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला,

"सोपाना, माझा ओटा चावडीच्या ओट्याहून वीतभर बुटका हाय. किसनला चालंल का, तेवढं विचारून ये."